लष्करी बनावटीचा पत्र्याचा जेरीकॅन: पारखायचा कसा, घ्यायचा कसा, विकायचा कसा

जीपच्या मागे टांगलेला हिरवा वीस लिटरचा कॅन दिसायला रुबाबदार असतो, म्हणून बरेच जण तो रंग आणि रुबाब बघूनच उचलतात. या वस्तूच्या बाबतीत रंगाला काडीची किंमत नाही. शे-दीडशे रुपयांच्या स्प्रेने कुठलाही गंजका डबा तासाभरात ‘मिलिटरी’ करता येतो. खरी किंमत चार गोष्टींची: कडेचा सांधा, तोंडाची गोल कड, आतला पत्रा आणि ‘आधी यात काय भरलं होतं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर. घेणाऱ्याने हेच चार तपासायचे आणि विकणाऱ्याने हेच चार उघडपणे दाखवायचे.

आधी वस्तू ओळखा

हा आकार जर्मन सैन्यासाठी १९३७ साली ठरला. श्वेल्म गावातल्या म्युलर कंपनीत विन्सेंझ ग्र्युनफोगेल या अभियंत्याने तो बेतला. दाबून घडवलेले पत्र्याचे दोन अर्धे एकमेकांना वेल्ड केलेले आणि तो सांधा कडेपेक्षा आत दबलेला, म्हणजे डबा आपटला तरी मार सांध्यावर बसत नाही. दोन्ही अंगांना फुलीसारखी खोबण असते, तिने पत्र्याला ताठपणा येतो आणि उन्हात आतलं इंधन फुगलं तर पत्र्याला हलायला जागा मिळते. वर एकाच्या जागी तीन दांड्या आहेत. मधली धरून एकट्याने भरलेला डबा उचलायचा, बाजूच्या दोन धरून दोघांनी मिळून न्यायचा, आणि रिकामे डबे शेजारी-शेजारी धरले तर एका हातात दोन मावतात. दांड्यांखालच्या फुगवट्यात हवा अडकून राहते, त्यामुळे पेट्रोलने भरलेला डबा पाण्यात पडला तरी तरंगतो. झाकण आट्यांचं नाही, खटक्याचं आहे. एका हाताने, कुठल्याही पान्याशिवाय ते उघडतं. तोंडाच्या आत बारीक हवेची नळी असते, ती हवा आत घेते म्हणून इंधन गचके न खाता एकसंध धारेने पडतं.

या डब्याचं गुपित जर्मनीबाहेर गेलं ते भारताच्या वाटेवर. पॉल प्लाइस हा अमेरिकन अभियंता १९३९ मध्ये एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पाणी कशात न्यायचं, हा प्रश्न आला, तेव्हा त्या सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन डबे उचलले. सहकारी अर्ध्या वाटेवरून परत बोलावला गेला, प्लाइस मात्र कलकत्त्याला पोचला. पुढे गाडी आणि डबे अमेरिकेत गेल्यावर तिथल्या लष्कराने स्वतःची आवृत्ती काढली, पण वेल्डऐवजी दुमडलेला सांधा आणि खटक्याऐवजी आट्यांचं झाकण घेतलं. ब्रिटिशांनी मात्र दुसऱ्या महायुद्धात वाळवंटातल्या लढाईत हाती लागलेले जर्मन डबे पाहून जसाच्या तसा नमुना उतरवला, कारण त्यांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे डबे गळून गळून नकोसे झाले होते. ही माहिती गप्पांपुरती नाही. आजही बाजारात तुमच्यासमोर येणारा कॅन या दोनपैकी एका घराण्यातला असतो, आणि दुमडलेल्या सांध्याचा असेल तर गळतीची शंका आधी घ्यायची.

आपल्याकडे साधारण चार प्रकार फिरतात. सैन्याच्या लिलावातून आलेला जुना माल; युरोपातला नवा माल, ज्यात लॅटव्हियातल्या वाल्मिएरा गावच्या ‘वॉलप्रो’चे डबे जाणकारांत मानले जातात; ‘मिलिटरी टाइप’ म्हणून विकला जाणारा पातळ पत्र्याचा माल; आणि पाण्याचे कॅन. शेवटचे दिसायला अगदी भाऊ-भाऊ असले तरी पाण्याच्या डब्याचं तोंड बहुधा रुंद असतं आणि आतला थर वेगळा असतो. इंधन एकदा जरी भरलेलं असेल, तरी तो डबा पाण्यासाठी कायमचा बाद. उकळत्या पाण्याने धुऊनही तो पिण्यालायक होत नाही. ‘साहेब, धुवून वापरा, काही होत नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका.

बाजारात जाताना काय न्यायचं

पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुठल्याही शहरातली भंगाराची गल्ली, या जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. खिशात एक छोटी एलईडी बॅटरी, एक लोहचुंबक, एक टांगता वजनकाटा आणि पांढरं फडकं एवढं असू द्या. आत बघायला काडी किंवा लायटर पेटवायचा नाही. पेट्रोलचा डबा रिकामा असताना जास्त धोकादायक असतो, कारण आत उरलेली वाफ आणि हवा यांचं मिश्रण ठिणगीची वाटच बघत असतं. ही गोष्ट विक्रेत्यालाही सांगावी लागते. अनेकजण डबा दाखवताना तोंडातली विडी काढत नाहीत.

पहिलं काम वजनाचं. लष्करी बनावटीचा वीस लिटरचा रिकामा डबा चार किलोच्या आसपास भरतो. तीनच्या खाली आला, तर पत्रा पातळ आहे, मग शिक्का काहीही असो. अशा डब्याला दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबलं की पत्रा ‘टक्’ करून आत जातो आणि बाहेर येतो.

मग चुंबक. तो सांध्यावरून, तळाच्या कोपऱ्यांवरून आणि दांड्यांच्या मुळाशी हळूहळू फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे भोक बुजवलेलं आहे. गाडीच्या दारावर लांबी चालते. पेट्रोल असलेल्या डब्यावर ती काही दिवसांत विरघळून सुटते. डाग मारलेला किंवा पुन्हा वेल्ड केलेला डबा मी घेत नाही, घेऊ नये असंच सांगेन. शोभेसाठी हवा असेल तर गोष्ट निराळी.

आता झाकण उघडा, पण तोंड लांब ठेवून, आणि खटका सावकाश वर घ्या. उन्हात ठेवलेल्या डब्यात दाब असतो, तो आधी ‘फुस्स’ करून निघू द्या. मग वास घ्या, थेट नाक न घालता, हाताने वास आपल्याकडे ओढून. पेट्रोल, डिझेल, रॉकेल हे वास ओळखीचे आहेत आणि तिघेही चालतात. कुजकट, गोडसर किंवा डोळे चुरचुरवणारा वास आला तर डबा खाली ठेवा. जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे नवाकोरा रंग दिलेला कॅन होता, चकचकीत, पिवळ्या आकड्यांसकट. झाकण उघडताच फवारणीच्या औषधाचा वास आला. विक्रेता म्हणाला, ‘अहो, थिनरचा वास आहे, आत्ताच रंगवलाय.’ थिनर बाहेरच्या रंगात असतो, डब्याच्या आत कशाला जाईल? आत काय होतं हे धड सांगता येत नसेल, तर तो डबा स्वस्तातही महाग.

वास ठीक असेल तर बॅटरीने आत बघा. पत्र्यावर एकसारखा तपकिरी किंवा करडा थर दिसला, तर तो आतला लेप आहे. नारिंगी भुकटी दिसली तर गंज. फडकं बोटाला गुंडाळून तोंडाच्या आत फिरवा. हलका नारिंगी डाग साफ होण्यासारखा असतो, पण पापुद्रे हाताला लागले तर सोडा. डबा उलटा करून हलवा, आतून खडखड आली आणि गंजाचे कण पडले तर हेच कण उद्या तुमच्या कार्ब्युरेटरमध्ये जाणार. तळ सगळ्यात आधी खातो, कारण पाणी इंधनापेक्षा जड, ते तळाशी बसून राहतं. म्हणून बॅटरीचा झोत तळाच्या चारही कोपऱ्यांत पोचतोय का ते बघायचं.

तोंडाची कड बोट फिरवून तपासा. गॅस्केट, म्हणजे झाकणातली रबरी चकती, नवं बसवता येतं, खटक्याची पिन बदलता येते, पण ज्या गोल कडेवर गॅस्केट टेकतं तिलाच पोचा किंवा ओरखडा असेल तर डबा कधीच पूर्ण बंद होणार नाही. अंगावरच्या पोच्यांनी फारसं बिघडत नाही. सांध्यावरचा आणि तोंडाजवळचा पोचा मात्र नको.

शिक्के शेवटी वाचा. निर्माता, वर्ष आणि २० लिटर हे पत्र्यातच उठवलेलं असतं. ब्रिटिश मालावर बाणाची खूण आणि ‘डब्ल्यूडी’ (वॉर डिपार्टमेंट) दिसतं, जर्मन मालावर ‘क्राफ्टश्टोफ २० एल’ (इंधन २० लिटर) असतं. नव्या डब्यावर संयुक्त राष्ट्रांचा वाहतूक संकेत असतो. त्यात ‘३ए१’ म्हणजे न निघणाऱ्या माथ्याचा स्टीलचा जेरीकॅन. पुढचं अक्षर एक्स किंवा वाय असेल तर तो पेट्रोलला चालतो, झेड असेल तर नाही. हा संकेत उठावाचा किंवा कोरलेला हवा, कागदी स्टिकरवर भरवसा ठेवू नका.

पाण्याची कसोटी

वरचं सगळं पास झालं, तरी पैसे देण्याआधी ही कसोटी मागा. डब्यात पाणी भरा, झाकण लावा, बाहेरून कोरडा पुसा आणि जुन्या वर्तमानपत्रावर उलटा करून ठेवा. अर्ध्या तासात कागदावर डाग नसेल तर गॅस्केट आणि कड धड आहे. मग एकेका कुशीवर तेवढाच वेळ. विक्रेता ओळखीचा असेल तर रात्रभर ठेवायला सांगा. घाम आल्यासारखा बारीक ओलावा सांध्यावर दिसला, तर ती सूक्ष्म गळती आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ असतं, पाणी जिथे पाझरतं तिथून पेट्रोल नक्की वाहणार. ‘पाणी घातलं तर गंजेल’ ही सबब ऐकायची नाही. पाणी ओतून उन्हात वाळवलं की काही होत नाही.

भाव कसा ठरवायचा

छापील दर असा कुठे नाही. तळचा भाव भंगाराचा: त्या दिवशीचा लोखंडाचा दर गुणिले चार किलो. त्याहून कमी कोणी देणार नाही. वरचा भाव नव्या, संकेत असलेल्या डब्याचा. जुना पण धड डबा नव्याच्या निम्म्याच्या आसपास बसला तर सौदा वाजवी, असा माझा ठोकताळा. गॅस्केट कडक झालंय, पिन नाही, आत हलका गंज आहे, अशा प्रत्येक गोष्टीचा दुरुस्ती खर्च त्यातून वजा करायचा. ओतायची चोच सोबत असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही, कारण चोच वेगळी घ्यायला गेलं की चांगलीच महाग पडते. नाटो नमुन्याच्या, म्हणजे त्याच जर्मन घराण्यातल्या पाच, दहा आणि वीस लिटरच्या डब्यांचं तोंड एकच असतं, म्हणजे एक चोच आणि एकाच मापाची गॅस्केटं सगळ्यांना चालतात. दोन-तीन डबे घेणार असाल तर एकाच घराण्याचे घ्या.

संग्राहकाचा भाव वेगळा चालतो. युद्धकाळातलं वर्ष आणि मूळ रंग असलेला डबा गळत असला, तरी विलीज जीप मुळासारखी करणारा माणूस त्याला चांगले पैसे देतो. तुम्हाला इंधन न्यायचं असेल, तर वर्षाचे पैसे देऊ नका.

कायदा आणि कागद

हा भाग लोक वगळतात, म्हणून सविस्तर लिहितो. पेट्रोलियम अधिनियम १९३४ च्या कलम ८ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत बिनपरवाना बाळगता येतं. ते घट्ट बंद होणाऱ्या भांड्यात हवं. भांडं धातूचं असेल तर क्षमता २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नाव तिथे नाही. वीस लिटरचा एक पत्र्याचा कॅन या चौकटीत नीट बसतो. दोन भरले की ४० लिटर होतात आणि चौकट मोडते, हे लांबच्या सहलीला निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. डिझेलला बरीच मोकळीक आहे: कलम ७ प्रमाणे एका जागी २५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नको. या कायद्याची अंमलबजावणी बघणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. गावात बाटल्या भरून पेट्रोल विकणं या सवलतीत येत नाही, कारण सवलत स्वतःच्या वापरापुरती आहे. शिवाय आंदोलनाच्या किंवा तणावाच्या दिवसांत जिल्हा प्रशासन सुटं पेट्रोल देण्यावर बंदी घालतं. तेव्हा पंपावरच्या पोराशी हुज्जत घालू नये, त्याच्या हातात काही नसतं.

सैन्याचा माल रीतसर लिलावाने बाहेर येतो. एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे ई-लिलाव चालवते. लिलावातले लॉट मोठे असतात, एक-दोन डबे हवे असलेल्याला ते परवडत नाहीत, म्हणून आपण घेतो ते लिलाव घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून. त्याच्याकडे लिलावाचा कागद असतो. त्याची प्रत किंवा निदान त्याचं बिल मागा. सरकारी मालाच्या खुणेचा बाण ताजा आहे, माल नवा आहे आणि कागद काहीच नाही, असं असेल तर हात लावू नका. सरकारी माल चोरून बाहेर आलेला असेल, तर पकडला जातो तो शेवटचा मालक.

घरी आणल्यावर

जुनं गॅस्केट सरसकट बदला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं गॅस्केट घेताना इथेनॉलला टिकणारं आहे का, हे विचारून घ्या. सायकलच्या ट्यूबमधून कापलेला तुकडा चालणार नाही.

आतला हलका गंज असा काढा. आधी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून वास जाईपर्यंत धुवा. मग सायट्रिक ॲसिडची पूड कोमट पाण्यात विरघळवून घाला. किराणा दुकानात ती लिंबूसत्व म्हणून मिळते. सोबत मूठभर जुने नट किंवा साखळीचा तुकडा टाका, झाकण लावा आणि हलवा. मधूनमधून झाकण सैल करायचं, कारण आम्ल पत्र्यावर काम करताना वायू सुटतो. रात्रभर ठेवून ओता, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने. यानंतर वेळ घालवायचा नाही. उघडा पत्रा तासाभरात पुन्हा लाल होऊ लागतो. कडक उन्हात तोंड खाली करून निथळू द्या, पूर्ण वाळला की थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवून घ्या. नट मोजून टाका, मोजून काढा.

वेल्डिंगवाल्याकडे हा डबा कधीच न्यायचा नाही. धुतलेला असला तरी नाही. सांध्यात मुरलेलं पेट्रोल उष्णतेने बाहेर येतं, आणि अशा स्फोटात माणसं मेली आहेत.

बाहेरून काय भरायचं ते मोठ्या अक्षरांत रंगवा: ‘पेट्रोल’ किंवा ‘डिझेल’. घरातल्या आणि शेतावरच्या सगळ्यांना वाचता येईल अशा जागी.

भरताना डबा गाडीतून काढून जमिनीवर ठेवा. टपावर, डिकीतल्या गालिच्यावर किंवा प्लास्टिकच्या चटईवर ठेवून भरलं, तर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही. नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या. काठोकाठ भरू नका, वरची हवेची जागा मुद्दाम दिलेली आहे. वीस लिटर पेट्रोल साधारण १५ किलो, डबा धरून १९. डिझेलचा डबा वीसच्या वर जातो. एवढं वजन जीपच्या मागच्या दारावर टांगताना बिजागऱ्यांकडे बघा. अपघातात मागून पहिला धक्का तिथेच बसतो, म्हणून भरलेला कॅन शक्यतो आत, उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा. रेल्वेतून किंवा एसटीतून इंधन न्यायचंच नाही.

विकताना

विकायचा डबा रंगवू नका. सुज्ञ गिऱ्हाइकाला नवा रंग दिसला की पहिली शंका खाली काय लपवलंय हीच येते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने तुम्ही मूळ रंग घालवून भाव पाडलेला असतो. धूळ पुसा, चिखल धुवा, तेवढं पुरे.

फोटो सहा तरी हवेत: दोन्ही अंगं, तळ, उठावाचे शिक्के, झाकण उघडून तोंडाची कड आणि बॅटरी लावून आतला तळ. शेवटचा फोटो कोणी टाकत नाही, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच विचारतं. वर्णनात आत काय होतं, किती वर्षं तुमच्याकडे होता, गॅस्केट कधी बदललं, पाण्याची कसोटी केली का, हे सरळ लिहा. पोचा असेल तर त्यावर बोट ठेवून फोटो काढा. यामुळे फोनवरची घासाघीस निम्म्याने कमी होते आणि घरी आलेला माणूस माघारी जात नाही.

आधी वापरलेला डबा कुरिअरने पाठवता येईल असं धरून सौदा करू नका. न धुतलेला, वास असलेला इंधनाचा डबा वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालच मानला जातो, विमानाने तर तो जाऊच शकत नाही. कोरा, कधीच न भरलेला डबा पाठवता येतो, त्याचं बिल पाकिटावर लावा. बाकी सगळा व्यवहार समोरासमोर, झाकण उघडून, पाणी भरून करा. गिऱ्हाईक ‘पाण्यासाठी हवाय’ म्हणालं तर इंधनाचा डबा त्याला विकू नका, चार पैसे जास्त देत असलं तरी.

आणि जो डबा सांध्यातून गळतो तो ‘शोपीस’ म्हणून विकताना त्यावर तसं रंगाने लिहा, कारण तुमच्या हातून गेलेला डबा तिसऱ्या माणसाकडे पोचतो आणि त्याला तुमचं बोलणं कोणी सांगत नाही. भंगारात घालायचा असेल तर आधी झाकण आणि पिन काढून ठेवा, दुसऱ्या डब्याला उपयोगी पडतात. डबा धुवा, तोंड उघडं राहू द्या, आणि भंगारवाल्याला तोंडाने सांगा की यात पेट्रोल होतं, गॅस कटर लावू नको, हातोड्याने चेप.